घरच्या लेकीचे खाडे कोण धरतं?

शिरपूर तालुक्यातल्या एका खेड्यातून हे पत्र आलं आहे. ओळख पटेल असा मजकूर वगळून मुद्द्याचा भाग तेवढा देत आहोत.

"सलाम. माझं वय ३६. अकरा वर्षांपूर्वी मी, माझे पती आणि सासूबाई प्रभूकडे आलो. तेव्हा फार हलकं वाटायचं. आता प्रभूचं नाव काढलं की छातीत धडधडतं. आमच्या संगतीत दर शुक्रवारी निर्जळी उपास असतो. रोज पहाटे पाचला प्रार्थना, दिवसाला पाच अध्याय, आणि आलेल्या सगळ्या पैशाचा दशमांश. बांगड्या-टिकली बंद. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जायचं नाही. मी वही ठेवली आहे, चुकलं की त्यात लाल फुली करते. मागच्या वर्षी दशमांश पुरा व्हावा म्हणून बचत गटातून कर्ज उचललं, ते अजून फिटलं नाही. या हंगामात कपाशीला बोंडअळी लागली, तर पुढाऱ्यांनी सभेत सांगितलं की ज्याच्या वहीत फुल्या त्याच्या शेतात अळी. मार्चमध्ये उपासाच्या दिवशी विहिरीवर चक्कर येऊन पडले. उपकेंद्रात तपासलं तर रक्त ८ निघालं. कृपेबद्दल विचारलं तर पती म्हणतात, कृपा ही आळशी माणसाची पळवाट. सासूबाई म्हणतात, देव बठ्ठं देखस (सगळं पाहतो). सगळं कृपेनेच होत असेल तर प्रार्थनाही सोडू का? मी कुठे चुकते आहे? – एक थकलेली बहीण"

प्रिय ताई, ख्रिस्तात सलाम.

आधी अळीचं बोलू. ते ओझं मनावर ठेवून बाकीचं वाचवणार नाही.

गुलाबी बोंडअळी वहीतल्या फुल्यांनी येत नाही. मे महिन्यात ठिबकवर लावलेल्या हंगामपूर्व कपाशीला लवकर पात्या-फुलं येतात आणि अळीला पहिलं घर मिळतं. डिसेंबरनंतर फरदड धरली, म्हणजे जुनं पीक तसंच पुढे ठेवलं, पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) बांधावर रचून ठेवल्या, की तिला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. बीटी वाणाला ती आता दादही देत नाही. म्हणून डिसेंबरअखेर शेत मोकळं करायचं, नर पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे हेक्टरी ५ लावायचे, आणि सलग ३ रात्री एका सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग दिसले की फवारणीचं बघायचं. ज्यांनी एकही उपास चुकवला नाही त्यांच्या वावरातली बोंडं फोडून पाहा, अळी तिथेही सापडेल. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजता काय, असा प्रश्न येशूने स्वतः विचारला आणि उत्तर "नाही" असं दिलं (लूक १३:४-५). जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी पाप कोणाचं म्हणून विचारलं, तेव्हाही त्याने तो हिशेब मोडून काढला (योहान ९:३). ख्रिस्तात असणाऱ्यांना दंडाज्ञा नाही (रोमकरांस ८:१). जो दंड वधस्तंभावर भरला गेला, तो देव तुमच्या कपाशीतून पुन्हा वसूल करत नाही.

आता वहीकडे येऊ. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त दुखलं ते तिथे.

खान्देशात आखाजीला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, ठरतो. वर्षाचा आकडा ठरतो, उचल दिली जाते, आणि वर्षभर त्याचे खाडे धरले जातात. आजारी पडला, खाडा. पोरीच्या लग्नाला गेला, खाडा. पुढच्या आखाजीला हिशेब होतो, उचल आणि खाडे वजा होतात, आणि मालक ठेवील की नाही या धास्तीने त्याचा चैत्र जातो. त्याच मळ्यात घरची लेकही राबते. कपाशी वेचते, बैलांना पाणी दाखवते, कधी कधी सालदारापेक्षा जास्त उन्हात असते. पण तिचे खाडे कुणी धरत नाही. ती तापाने पडली तर बाप पगार कापत नाही, डॉक्टरकडे नेतो. दोघांच्या हातात विळा तोच असतो, फरक नात्यात आहे.

ताई, तुम्ही लेक म्हणून घरात आलात आणि सालदाराची वही घेऊन बसलात. गलतीकरांस पत्राचा चौथा अध्याय हेच सांगतो. देवाने पुत्राला पाठवलं ते नियमशास्त्राखाली असलेल्यांना सोडवून दत्तकपण द्यायला. तुम्ही आता दास नाही, आणि अपत्य म्हणजे वारस (४:४-७). लूक १५ मधला थोरला मुलगा आठवा. घर सोडून तो कधीच गेला नव्हता. पण बापाला म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली, एकही आज्ञा मोडली नाही, आणि मला साधं करडूही मिळालं नाही. बापाच्या घरात राहून तो सालदारकी करत होता. बाप उत्तर देतो, बाळा, माझं ते सगळं तुझंच आहे. त्याची वही उघडून बघायला बाप तयार नाही.

तुमच्या पतींना वाटतं तसं हे कृपेचं बोलणं आजकालच्या सैल लोकांनी काढलेलं नाही. यहूदी परंपरा नियमशास्त्रातल्या ६१३ आज्ञा मोजते, २४८ 'कर' म्हणणाऱ्या आणि ३६५ 'करू नको' म्हणणाऱ्या. परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले, लोक विश्वासात येऊ लागले तेव्हा यांनाही सुंता आणि मोशेचं नियमशास्त्र लावायचं का, यावर इ.स. ४९ च्या सुमारास यरुशलेमात मोठी बैठक झाली. पेत्र तिथे स्पष्ट बोलला: जे जू आपल्या वाडवडिलांना पेललं नाही आणि आपल्याला पेलत नाही, ते यांच्या मानेवर का ठेवता? (प्रेषितांची कृत्ये १५:१०). शेवटी सुंता लादायची नाही असं ठरलं. मूर्तींना अर्पण केलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचं मांस आणि जारकर्म यांपासून दूर राहा, एवढंच कळवलं गेलं. आणि त्याच पेत्राचा अंत्युखियात, काही माणसं आल्यावर, परराष्ट्रीयांबरोबर जेवायचा धीर खचला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर धरलं (गलती. २:११-१४). प्रेषिताचा पाय घसरला, तिथे तुमचे पुढारी किंवा पती घसरले म्हणून त्यांना शत्रू समजू नका.

मग नियमशास्त्र वाईट का? मुळीच नाही. पाप कशाला म्हणतात ते त्यानेच कळतं (रोम. ३:२०, ७:७). पौल त्याला बालरक्षक म्हणतो. त्या काळच्या ग्रीक-रोमी घरात लहान पोराला शाळेत नेणारा, वाटेत दटावणारा एक दास असे. शिकवणारा वेगळाच असायचा. पोर शाळेत पोचलं, मोठं झालं, की त्या दासाचं काम संपलं. आरसा गालावरची काजळी दाखवतो, पण तोंड धुवायला कुणी आरसा गालावर घासत नाही. तुम्ही अकरा वर्षं आरसा घासता आहात, आणि गाल सोलवटला आहे.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. त्यांच्याइतकं शास्त्र जाणणारी बाई त्या काळी विरळाच. तरी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि तो मिळायला पुढे आठेक वर्षं गेली, असं त्यांनीच नोंदवून ठेवलं आहे. तुमची अकरा वर्षं वाया गेली असं म्हणूनच वाटून घेऊ नका.

आता पतींचा आक्षेप. आक्षेप खोटा नाही, कृपेचं नाव घेऊन आळस करणारे असतात. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं काय, हा प्रश्न पौलापुढेही आला होता, आणि त्याने तो झटकून टाकला (रोम. ६:१-२). तीताला लिहिलेल्या पत्रात (२:११-१२) तो म्हणतो की कृपा आपल्याला अभक्ती नाकारायला शिकवते. म्हणजे कृपा नुसती माफी देऊन थांबत नाही, हात धरून गिरवूनही घेते. घोटाळा क्रमात होतो. दहा आज्ञांचा अध्याय काढा, निर्गम २०. पहिली आज्ञा तिसऱ्या वचनात आहे. तिच्याआधी देव म्हणतो, मी तुला मिसरातून, दास्यगृहातून बाहेर काढलं. सुटका आधी, आज्ञा मागून. इफिसकरांस पत्र घ्या. पहिल्या ३ अध्यायांत आज्ञा म्हणावी अशी एकच, "आठवण करा" (२:११), आणि चौथ्यापासून मात्र चोरी सोडा, खोटं सोडा, राग सोडा अशी रांग लागते. कृपेने तारण, कर्मांनी नव्हे, हे २:८-९ मध्ये, आणि लगेच २:१० मध्ये सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले, हेही. पतींबरोबर ही तीन वचनं सलग वाचा. दहावं वाचलं की त्यांचा निम्मा विरोध गळेल, कारण त्यांना भीती त्याचीच आहे की तुम्ही दहावं वगळाल.

तर प्रार्थना सोडायची का? नाही. पण तिचं काम काय, ते नीट बसवून घ्या. केळीच्या बागेत ठिबकची नळी पाणी तयार करत नाही, विहिरीतलं मुळाशी पोचवते. प्रार्थना, वचन, प्रभुभोजन, भावाबहिणींची संगत या नळ्या आहेत. तुम्हाला सांगितलं गेलं की नळी जितकी लांब तितकं विहिरीला पाणी जास्त. तसं नसतं. आणि नळी फेकून द्या म्हणणाऱ्याचीही बाग वाळते. ड्रीपर चोंदला तर तो काढून साफ करायचा एवढंच.

पुढचे सहा आठवडे असं करून पाहा. वही बंद करा, म्हणजे खरंच दोरीने बांधून पेटीत ठेवा. जाळू नका. जाळली की तो पुन्हा एक विधी होतो, आणि घरात भांडणही पेटतं. पहिल्या दिवशी गलतीकरांस पत्र एका बैठकीत मोठ्याने वाचा. ६ अध्याय, १४९ वचनं, वीसेक मिनिटांत होतं. दुसऱ्या दिवसापासून इफिसकरांस पत्र, पण पाच अध्याय नाही, रोज १० वचनं. दोन पेन्सिली घ्या, निळी आणि लाल. देवाने जे केलं ते निळ्याने अधोरेखित करा, आपण करायचं ते लालने. पहिले ३ अध्याय जवळजवळ निळे व्हायला हवेत. सवयीने तुमचा हात लालकडे जाईल, "आशीर्वादित केलं" हेही "आशीर्वाद मिळवायला हवा" असं वाचलं जाईल. असं झालं की क्रियापद बघा: केलं, दिलं, निवडलं, बसवलं. कर्ता कोण? ते वचन लालचं निळं करा आणि पुढे जा.

मग प्रार्थना. १५ मिनिटं पुष्कळ झाली, आणि पहाटेचे पाच असा शास्त्रात कुठे नेम नाही. चूल थंडावल्यावर, वेचणीला जायच्या आधी, दुपारी लिंबाखाली, तुम्हाला जमेल तेव्हा. सुरुवात "बापा" या एका शब्दाने करा आणि लगेच माफी मागू नका. आधी त्या दिवसाच्या निळ्या ओळींपैकी एकीसाठी उपकार माना. मग मागणं मागा, जसं आहे तसं: कर्ज, अळी, चक्कर. पापाची गोष्ट शेवटी, आणि तीही नेमकी. झोप लागली तर लागू द्या, बापाच्या मांडीवर झोपलेल्या पोराचा खाडा लागत नाही. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी २० वचनं वाचून भरपाई करू नका. ही सूचना सगळ्यात अवघड जाईल. भरपाई सुरू झाली की वही पेटीतून बाहेर आलीच म्हणून समजा.

चूक होईलच. समजा सासूबाईंना तोडून बोललात. आजवर काय करत होता? फुली मारायची, दुसऱ्या दिवशी जास्तीचा उपास धरायचा, आणि चार दिवस प्रार्थनेला तोंड दाखवायची लाज. यात सासूबाईंना काय मिळालं? काहीच नाही. शिक्षा स्वतःला केल्याने मन शांत होतं आणि माफी मागायची राहून जाते. त्याऐवजी चूक नावाने कबूल करा: "मी त्यांना त्यांच्या म्हातारपणावरून बोलले." १ योहान १:९ म्हणतं की पाप पदरी घेतलं तर तो विश्वसनीय आणि न्यायी आहे, क्षमा करतो. 'न्यायी' हा शब्द हेरून ठेवा. दंड भरून झालेला आहे, म्हणून क्षमा करणं हा त्याचा न्यायच आहे. मग त्याच दिवशी सासूबाईंकडे जा आणि माफी मागा. काही बुडवलं असेल तर भरून द्या. जक्कय या जकातदाराने चौपट दिलं, पण येशू त्याच्या घरी उतरल्यावर, आधी नाही. आणि त्या आठवड्यात प्रभुभोजन असेल तर घ्या. १ करिंथकरांस ११:२८ सांगतं, स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. परीक्षा करून दूर राहावं, असं तिथे नाही.

मनातली टोचणी आत्म्याची की जुन्या भीतीची, हे ओळखायची एक खूण आहे. आत्मा नेमकं बोट ठेवतो आणि वाट दाखवतो: अमक्याला अमकं बोललीस, जा. भीती मोघम बोलते: तू वाईटच, तुझ्याने काही होणार नाही. मोघम आवाजाशी वाद घालत बसू नका, रोमकरांस ८:३३-३४ मोठ्याने वाचा.

दशमांशाचं थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण कर्ज झालं आहे. नियमशास्त्रातला दशमांश धान्य, फळं आणि गुराढोरांचा होता (लेवीय २७:३०-३२). तो लेव्यांना जाई, ज्यांना जमिनीचा वाटा नव्हता (गणना १८:२१). काही भाग सणाला देवासमोर घरच्यांनी मिळून खायचा असे, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातच परदेशी, अनाथ आणि विधवांसाठी ठेवला जाई (अनुवाद १४:२२-२९). म्हणजे ज्या घरात चूल अडली आहे त्या घराकडे दशमांश चालत यायचा. तुमच्या घरातून तो कर्ज काढून बाहेर गेला.

हिशेबही मांडून बघा. समजा १० क्विंटल कापूस ७,००० च्या भावाने गेला. हातात ७०,००० आले. बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी मिळून ४५,००० गेले. घरात उरले २५,०००. "आलेल्या सगळ्या पैशाचा" दहावा भाग म्हणजे ७,०००, जो तुमच्या खऱ्या कमाईचा २८ टक्के होतो. महिना ६०,००० पगार घेणारा ६,००० देऊन ५४,००० घरी नेतो. आकडा दोघांना एकच, ओझं सारखं नाही. पौलाने २ करिंथकरांस ८:१२ मध्ये हे मिटवून टाकलं आहे: असेल त्याप्रमाणे देणं मान्य होतं, नसेल त्याप्रमाणे नाही. आणि ९:७ मध्ये: खेदाने किंवा जबरदस्तीने नको. तर पतींबरोबर बसा. आधी बचत गटाचे हप्ते नियमित करा, कारण कोणाचं देणं ठेवू नका हीही आज्ञाच आहे (रोम. १३:८). तोवर जे आनंदाने निघेल ते द्या, मग ते ५० रुपये असोत की शेजारच्या विधवेला पायलीभर ज्वारी. देण्यासाठी कर्ज कधीही नाही. कर्ज फिटलं आणि कापूस चांगला पिकला, की कृपा तुमच्याकडून दहाव्या भागाहून जास्तही काढून घेईल, आणि तेव्हा ते टोचणार नाही.

बांगड्या-टिकलीवर फार वेळ घालवायला नको. १ पेत्र ३:३-४ मध्ये शोभा बाहेरची नसावी, अंतःकरणातली असावी असं म्हटलं आहे. काचेच्या बांगडीवर बंदी घातलेली नाही. मंगळसूत्र आणि बांगड्या घालणारी मराठी ख्रिस्ती घरं पुष्कळ आहेत, न घालणारीही आहेत. रोमकरांस १४ दोघांनाही एकमेकांचा न्याय करू देत नाही. घराची शांती कशात आहे ते बघून ठरवा.

आखाजीचं मात्र मनापासून सांगतो: जा. झोके, गाणी, आमरस, खापरावरची पुरणपोळी आणि वाट बघणारी आई, हे देवाने तोडायला सांगितलेलं नाही. घागर पुजताना बाजूला थांबा आणि आईला आदल्या रात्रीच प्रेमाने सांगून ठेवा, "माय, मी पूजेला बसणार नाही, पण स्वयंपाक तुझ्याबरोबर करते." ऐन वेळी पाठ फिरवली की अपमान वाटतो, आधी सांगितलं की फारसा वाटत नाही. जेवणाचा नियम १ करिंथकरांस १०:२७-२८ मध्ये आहे: बोलावलं आणि जावंसं वाटलं तर वाढलेलं खा, शंका काढत बसू नका. कोणी मुद्दाम सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे, तर तेवढं नम्रपणे ठेवा, आणि तेही त्याच्या मनासाठी. अकरा वर्षं तुम्ही गेला नाहीत, तेव्हा गावाने काय समजून घेतलं असेल? ख्रिस्ती झाली की लेक परकी होते, हेच. तुम्ही गेलात, खरकटी भांडी घासलीत, भावजयीचं लेकरू खेळवलंत, तर त्यांना दुसरं काही कळेल.

पुढे काय बिघडू शकतं तेही सांगून ठेवतो, म्हणजे घाबरणार नाही. वही बंद केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे रिकामं वाटेल. प्रार्थनेची इच्छाच मरेल कदाचित. इतके दिवस भीतीच्या जोरावर गाडा चालला, भीती गेली की तो थोडा थांबतो. तेव्हा बळ करून जुना नेम परत लावू नका, १० वचनं आणि "बापा" एवढं धरून ठेवा. दुसरं, काही महिन्यांनी मोकळं वाटू लागलं की अजून उपास धरणाऱ्या बहिणींची कीव येऊ लागेल. ती कीव म्हणजे नवी वही, फक्त आता फुल्या त्यांच्या नावावर. लूक १८ मधला परूशी, नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला माणूस, आठवड्यातून दोनदा उपास करी आणि सगळ्या मिळकतीचा दशमांश देई, पण त्याला बुडवलं ते शेजारच्या जकातदाराकडे टाकलेल्या नजरेने.

पतींना ओढू नका. ते आळशी नाहीत, भ्यालेले आहेत. घरावर काही येऊ नये म्हणून ते नियम पाळतात, आणि त्यात तुमच्यावरची मायाही आहे. वाद घालण्यापेक्षा रात्री जेवणानंतर त्यांच्याच तोंडून गलती. ३:१-५ वाचून घ्या आणि पौलाचाच प्रश्न मध्ये ठेवा: आत्मा आपल्याला मिळाला तो नियम पाळल्याने की ऐकून विश्वास ठेवल्याने? अकरा वर्षांपूर्वीचा तो दिवस त्यांनाही आठवत असेल, तेव्हा कुठे वही होती? उत्तरासाठी घाई करू नका.

पुढाऱ्यांनाही एकदा, पतींना बरोबर घेऊन, शांतपणे हेच विचारा. रागाने संगत सोडू नका, एकटी पडाल. पण तीन गोष्टी दिसल्या तर थांबूही नका: औषध बंद करायला सांगितलं, दागिने किंवा कर्ज काढून पैसा मागितला, किंवा सोडून गेलात तर शाप लागेल असं धमकावलं. यातली दुसरी घडत आली आहे, हे तुम्हीही जाणता. लूक वैद्य होता (कलस्सै. ४:१४) आणि चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल याच विश्वासातून उभं आहे, तेव्हा औषध घेणं अविश्वास आहे असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

राहिला उपास. नियमशास्त्रात सगळ्यांना नेमून दिलेला उपास वर्षातून एक दिवस होता, प्रायश्चित्ताचा (लेवीय १६:२९). दर शुक्रवारचा निर्जळी उपास तिथेही नाही, येशूच्या शिकवणीतही नाही. तो "तुम्ही उपास कराल तेव्हा" म्हणतो, आणि कोणाला कळू देऊ नका एवढं सांगतो (मत्तय ६:१६-१८). उपास चांगला आहे. पुढे अंगात रक्त भरल्यावर, हिवाळ्यात, एखाद्या मोठ्या निर्णयाच्या वेळी एक जेवण सोडा, पाणी सोडू नका, आणि त्या जेवणाचं धान्य कोणाला तरी द्या, यशया ५८ सांगतो तसं. गरोदर, अंगावर पाजणारी, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारी यांनी तर धरूच नये. आणि तुम्ही आत्ता नाही. बाईच्या अंगात रक्त १२ च्या वर लागतं, तुमचं ८ आहे, आणि पुढे ४३-४४ डिग्रीचा उन्हाळा आहे.

सासूबाई बरोबर बोलतात, देव बठ्ठं देखस. विहिरीवर तुम्ही पडलात तेही त्याने पाहिलं.

येत्या शुक्रवारी सकाळी कळण्याची भाकरी आणि मेथीची भाजी करा, आणि सासूबाईंच्या शेजारी बसून पोटभर खा. लोहाची गोळी रोज घ्या, पण चहा किंवा दुधाबरोबर नको, त्यांच्यात दोनेक तासांचं अंतर ठेवा. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर अंगी लागते. शौचाला काळं होईल, घाबरू नका. पाळीत रक्त जास्त जात असेल तर ते डॉक्टरांना लाज न ठेवता सांगा, आणि महिन्याभराने रक्त पुन्हा तपासून घ्या. आकडा किती आला ते आम्हाला कळवा.